शिकवण घरची, निकाल गावाचा

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ॲटिकस फिंचवर जितके खटले चालले, तितके त्याने कादंबरीतही लढवले नाहीत. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला हा वकील. १९९७ साली अलाबामा राज्याच्या वकील संघटनेने ली यांच्या गावी, मन्रोव्हिलमध्ये, या काल्पनिक माणसाचं स्मारक उभारलं. २००३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्याला अमेरिकी पडद्यावरचा सर्वश्रेष्ठ नायक ठरवलं. पण त्याआधीच, १९९२ मध्ये, कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी हा माणूस वकिलांचा आदर्श होऊ शकत नाही असं ठणकावून सांगितलं होतं. २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी ‘न्यू यॉर्कर’मधून त्याच्या मवाळपणावर बोट ठेवलं. २०१५ मध्ये ली यांचीच ‘गो सेट अ वॉचमन’ प्रसिद्ध झाली आणि त्याचे चाहतेच फिर्यादी झाले.

या धुरळ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. कादंबरी ॲटिकसची असली तरी डोळे त्याच्या मुलीचे आहेत. स्काउट आणि तिचा भाऊ जेम मोठे कसे होतात, याची ही गोष्ट. तेव्हा ॲटिकस देव की दगड हे ठरवण्याआधी विचारायला हवं ते असं: मुलं नेमकं काय शिकली, कोणाकडून शिकली आणि त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली? या तीन प्रश्नांनी कादंबरी वाचली, तर एका चांगल्या घराच्या संस्कारांची ताकद आणि त्यांची कुंपणं एकाच वेळी दिसतात.

गोष्ट आणि तिचा काळ

कथानक १९३३ ते १९३५ या मंदीच्या वर्षांतलं. मेकोम हे अलाबामातलं काल्पनिक गाव, पण त्यात मन्रोव्हिलच्या ओळखीच्या खुणा आहेत. ली यांचे वडील अमासा कोलमन ली वकील होते, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक होते आणि राज्याच्या विधिमंडळातही बसले. १९१९ मध्ये त्यांनी खुनाच्या आरोपातल्या दोन काळ्या माणसांची बाजू मांडली होती. दोघंही फाशी गेले, आणि त्यानंतर त्यांनी फौजदारी खटला घेतला नाही. शेजारी सुट्टीला येणारा कल्पक मुलगा म्हणजे पुढचा लेखक ट्रुमन कपोटी. कादंबरीतला डिल त्याच्यावर बेतला आहे.

पहिल्या भागात मुलांचं सारं लक्ष शेजारच्या बंद घरावर असतं. त्या घरात बू रॅडली नावाचा, कधी बाहेर न पडणारा माणूस राहतो आणि मुलांनी त्याला राक्षस करून टाकलं आहे. दुसऱ्या भागात टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मेयेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मेयेलाच्या जखमा मात्र तोंडाच्या उजव्या बाजूला, म्हणजे डावखुऱ्या माणसाने मारल्यासारख्या. तिचा बाप बॉब डावखुरा आहे. कोर्टात सगळ्यांना सत्य दिसतं, आणि तरीही टॉम दोषी ठरतो. पुढे तुरुंगातून पळताना पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. सूड म्हणून यूएल ॲटिकसच्या मुलांवर रात्री हल्ला करतो, बू रॅडली त्यांना वाचवतो आणि त्या झटापटीत यूएल मरतो.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. १९३१ मध्ये अलाबामातच स्कॉट्सबरोचं प्रकरण झालं. मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला आणि काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे त्या दोघींपैकी एकीने आरोप मागे घेतला. कादंबरी लिहिली गेली ती मात्र १९५०च्या दशकात, म्हणजे शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४चा निकाल, १९५५ मधला चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून आणि माँटगमरीतला बसबहिष्कार घडत असताना. ११ जुलै १९६० रोजी पुस्तक आलं, १९६१ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं आणि १९६२ च्या चित्रपटाने ग्रेगरी पेकचा चेहरा ॲटिकसला कायमचा चिकटवला. १९३०च्या दशकाची गोष्ट १९६०च्या दशकाच्या वाचकाला सांगितल्यामुळे एक सोय झाली. अन्याय डोळ्यांसमोर ठेवता आला आणि तरी तो थोडा जुना, थोडा दूरचा वाटला.

निरागस डोळ्याची कारागिरी

स्काउट गोष्टीच्या सुरुवातीला सहा वर्षांचीही नाही. सांगणारी मात्र मोठी झालेली जीन लुईज आहे. तिला शब्द मोठ्या बाईचे आहेत आणि समज मुद्दाम मुलीची ठेवलेली आहे. या दोन वयांच्या फटीतूनच कादंबरीचा विनोदही येतो आणि तिची धारही.

तुरुंगाबाहेर जमावासमोरचा प्रसंग त्याचा उत्तम नमुना. टॉमला ओढून न्यायला आलेल्या माणसांमध्ये स्काउटला वर्गातल्या मुलाचा बाप, कनिंगहॅम, दिसतो. ती त्याच्याशी त्याच्या मुलाविषयी आणि जमिनीच्या कज्ज्याविषयी बोलू लागते. आपण काय थांबवतो आहोत हे तिला ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे. जमाव पांगतो, कारण गर्दीतल्या एकाला नावाने हाक मारली गेली.

पण निरागसता इथे केवळ गोड गुण नाही. बू रॅडलीविषयीची भीतीही निरागसच आहे. ऐकीव गोष्टी, एक बंद दार आणि त्यावर रचलेला राक्षस. मुलं जे बूचं करतात तेच गाव टॉमचं करतं. फरक इतकाच की झाडाच्या ढोलीत ठेवलेल्या छोट्या भेटवस्तूंनी मुलांची भीती हळूहळू ओसरते. गावाच्या पूर्वग्रहाला मात्र पुरावा बाधत नाही. पहिला भाग काहींना रेंगाळलेला वाटतो, पण पूर्वग्रहाची बाराखडी तिथेच गिरवून घेतलेली आहे.

घरची शिकवण

शाळेच्या पहिल्याच दिवशी स्काउट बोलणी खाऊन घरी येते, कारण तिला आधीच वाचता येतं आणि नव्या बाईंना ते खपत नाही. त्या संध्याकाळी ॲटिकस तिला पुढे प्रसिद्ध झालेला धडा देतो: माणूस समजायचा तर गोष्ट त्याच्या बाजूने पाहावी लागते. नंतरचे धडे याच धाग्यावर आहेत. वडिलांना कोणी शिव्या दिल्या तरी मारामारी करायची नाही. मिसेस ड्युबोज ही तोंडाळ, वर्णद्वेष्टी म्हातारी. तिची फुलझाडं तोडल्याबद्दल जेमने तिला रोज वाचून दाखवायचं. ती मेल्यावर कळतं की मॉर्फिनचं व्यसन सोडून मोकळ्या मनाने मरायची तिची झुंज चालली होती. धैर्य म्हणजे हातातली बंदूक नव्हे, हे ॲटिकसला दाखवायचं असतं.

धडा सुंदर आहे, पण त्यात एक अडचणही आहे. ड्युबोज बाईंचं धैर्य पाहायला शिकताना त्यांच्या तोंडची घाण पचवायलाही मुलांना शिकवलं जातं. कनिंगहॅमबद्दलही ॲटिकस सांगतो की माणूस मुळात चांगला, फक्त काही ठिकाणी आंधळा. टॉमचा जीव घ्यायला निघालेल्या माणसाबद्दल हे बोलायला उदारपणा लागतो खरा. पण त्या उदारपणाचं बिल टॉमच्या नावावर फाटतं.

घरातली दुसरी शिक्षिका कॅलपर्निया, स्वयंपाक आणि मुलं दोन्ही सांभाळणारी काळी बाई. ॲटिकसचा धडा येण्याआधी, त्याच दिवशी दुपारी, ती स्काउटला स्वयंपाकघरात ओढून नेते. जेवायला आलेल्या गरीब मुलाने ताटभर पाक ओतला म्हणून स्काउटने त्याला हटकलेलं असतं. पाहुण्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, तो कोणीही असो: समतेचा पहिला प्रत्यक्ष धडा कादंबरीत कॅलपर्निया देते. ती वाचायला शिकली ब्लॅकस्टोनच्या कायद्याच्या ग्रंथावरून, आणि त्यावरच तिने आपल्या मुलाला शिकवलं. ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तेव्हा त्यांना कळतं की तिथे मोजक्याच लोकांना वाचता येतं आणि कॅलपर्निया तिथे वेगळीच बोली बोलते. तिला घर आहे, मुलगा आहे, आयुष्य आहे, हे स्काउटला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवतं. कादंबरी मात्र तिच्या घरात पाऊल टाकत नाही.

गावाची शिकवण

घर एक शिकवतं आणि गाव दुसरं. आत्या अलेक्झांड्रा घराण्याचा अभिमान शिकवायला येते. कोणाच्या रक्तात दारू, कोणाच्या जुगार, कोणाशी खेळायचं, कोणाला घरात घ्यायचं नाही. मराठी वाचकाला हे सगळं भाषांतराशिवाय कळतं. जेमही मग गावातल्या माणसांचे चार वर्ग पाडतो: आपल्यासारखे, कनिंगहॅमसारखे, यूएलसारखे आणि काळे. स्काउट म्हणते, माणसं एकाच प्रकारची असतात. जेमलाही तिच्या वयात तसंच वाटायचं, आणि आता वाटत नाही. कादंबरीतला सर्वांत खिन्न संवाद हाच असावा.

लग्न, चर्च, शाळा, सगळीकडे हाच अभ्यासक्रम. मिशनरी मंडळातल्या बायका आफ्रिकेतल्या दूरच्या जमातीसाठी गहिवरतात आणि त्याच घोटात घरच्या काळ्या मोलकरणींचं तोंड वाकडं झाल्याची तक्रार करतात. वर्गात गेट्स बाई हिटलरने ज्यूंचा छळ केला म्हणून लोकशाहीचे गोडवे गातात; कोर्टाबाहेर त्याच बाईंना स्काउटने काळ्यांना धडा शिकवायला हवा असं बोलताना ऐकलेलं असतं. स्काउटला हे कोडं सुटत नाही, आणि ली ते सोडवूनही देत नाहीत. पूर्वग्रहाचा खरा ठाव तिथे आहे. तो दुष्ट माणसांपेक्षा सभ्य माणसांच्या मनातल्या वेगवेगळ्या खणांमध्ये जास्त सुरक्षित राहतो.

खटल्यात जातीसारखं हेच गणित उघडं होतं. सरकारी वकिलाला टॉमचं सर्वांत मोठं अपराधी वाक्य सापडतं ते म्हणजे त्याला मेयेलाची दया आली. गावाच्या उतरंडीत काळ्याने गोऱ्या बाईची कीव करणं हाच गुन्हा. मेयेलाची स्थितीही कमी भीषण नाही. उकिरड्याशेजारचं घर, मारकुटा बाप, डब्यांत जपलेली जिरेनियमची फुलं. तिने टॉमला जवळ ओढलं आणि ते बापाने पाहिलं. गरिबी, बाईपण आणि गोरेपणा यांच्या फासात अडकलेल्या या मुलीकडे कादंबरी क्षणभर पाहते आणि मग तिला सोडून देते.

कायदा कोणासाठी वाकतो

फ्रीडमन यांचे आक्षेप रोकडे आहेत. ॲटिकसने हा खटला स्वतःहून घेतला नाही. न्यायाधीशाने सोपवला, आणि असा खटला आपल्या वाट्याला येऊ नये अशीच त्याची इच्छा होती. तो विधिमंडळात बसतो, पण वेगळ्या गॅलऱ्या, वेगळ्या शाळा यांविरुद्ध चकार शब्द काढत नाही. यात एक तपशील आणखी घालता येईल. काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीरपणे वगळणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉट्सबरोच्याच एका अपिलात १ एप्रिल १९३५ रोजी दिला. टॉमचा खटला त्याच उन्हाळ्यात चालतो, बारा गोऱ्या माणसांसमोर, आणि ॲटिकस त्या ज्युरीच्या रचनेला हरकत घेत नाही. ज्युरीत बायका नाहीत हे तो मुलांना सांगतो, तेही थोड्या विनोदाने. अलाबामात तो अडसर निघायला १९६६ उजाडलं.

आणखी बोलकी तुलना प्रत्यक्ष इतिहासात आहे. स्कॉट्सबरो खटल्यातले न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी १९३३ मध्ये ज्युरीचा निकाल पुराव्याशी विसंगत म्हणून रद्द केला आणि १९३४ च्या निवडणुकीत ते पडले. कादंबरीतला ॲटिकस मात्र खटल्यानंतर त्याच वर्षी बिनविरोध निवडून येतो. स्काउटला याचं नवल वाटतं. वाचकाने ते नवल आणखी ताणायला हवं. गावाने ॲटिकसला माफ केलं, कारण त्याने गावाच्या घडीला हात लावला नव्हता.

शेवट तर याहून गुंतागुंतीचा. यूएलला कोणी मारलं हे शेरीफला कळलेलं असतं. बूला गावाच्या कौतुकाच्या तोंडी द्यायचं नाही म्हणून तो ठरवतो की यूएल स्वतःच्या सुरीवर पडला. कायद्याचा अक्षरशः आदर करणारा ॲटिकस आढेवेढे घेतो, मग मान्य करतो. स्काउट त्याला समजावते की दुसरं काही करणं म्हणजे निरुपद्रवी पक्ष्याला मारण्यासारखंच झालं असतं. तिच्या संस्कारांची परीक्षा इथे होते आणि ती उत्तीर्ण होते. पण जो कायदा टॉमसाठी तसूभर हलला नाही, तो एका गोऱ्या एकांतवाशासाठी पायरीवर बसल्या बसल्या वाकतो. ली यांनी हे दोन निकाल मुद्दाम शेजारी ठेवले की नकळत, यावर वाचकाचं कादंबरीविषयीचं मत ठरतं. माझ्या मते मांडणी इतकी नेमकी आहे की ती नकळत झाली असं मानणं कठीण. पण स्काउटला मात्र ती विसंगती दिसत नाही, आणि शाळेत शिकवताना शिक्षकांनाही बहुधा ती दिसली नाही.

आक्षेपांचा प्रवास

पुस्तकावरच्या हरकतींनी साठ वर्षांत दिशा बदलली. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर परगण्याच्या शाळा मंडळाने ते अनैतिक म्हणून काढायचं ठरवलं, कारण त्यात बलात्काराचा विषय होता. ली यांनी रिचमंडच्या वृत्तपत्राला खोचक पत्र लिहून मंडळाच्या शिक्षणासाठी दहा डॉलर पाठवले. त्या वेळी हरकत सनातनी गोऱ्यांची होती. पुढे ती काळ्या पालकांकडूनही येऊ लागली. वर्गात कादंबरीतला काळ्यांसाठीचा अपशब्द मोठ्याने वाचला जातो तेव्हा वर्गातल्या एकुलत्या काळ्या मुलाकडे सगळे वळून पाहतात, त्याचं काय? २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत ते आठवीच्या अभ्यासातून निघालं. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकिलटिओत ते नववीच्या सक्तीच्या यादीतून काढलं गेलं, पण बंदी घातली नाही. यादीतून काढणं आणि बंदी घालणं या दोन गोष्टी एकच आहेत असं मानून होणारी ओरड उथळ असते.

‘वॉचमन’ने वेगळाच प्रश्न उभा केला. ते हस्तलिखित आधीचं. संपादक टे होहॉफ यांनी त्यातल्या बालपणाच्या आठवणींवर भर द्यायला सांगितलं आणि त्यातून ‘मॉकिंगबर्ड’ घडली. ‘वॉचमन’मध्ये सव्वीस वर्षांची जीन लुईज गावी येते आणि वडिलांना वर्णभेद टिकवण्यासाठी भरलेल्या नागरिक मंडळाच्या सभेत बसलेलं पाहते. पुस्तक कच्चं आहे, पण त्यात कॅलपर्नियाच्या घरची भेट आहे. म्हातारी कॅलपर्निया जीन लुईजशी परक्या गोऱ्या पाहुणीसारखी वागते. ‘मॉकिंगबर्ड’ने जे दार उघडलं नव्हतं, ते इथे उघडतं आणि आत माया आटलेली दिसते. २०१८ मध्ये ॲरन सॉर्किन यांच्या ब्रॉडवे नाटकानेही कॅलपर्नियाला ॲटिकसशी वाद घालू दिला.

त्याच सालातली दुसरी मुलं

टॉम रॉबिन्सनलाही मुलं आहेत. कादंबरीत ती जेमतेम दिसतात. ॲटिकस बातमी घेऊन जातो तेव्हा एक छोटी मुलगी त्याच्या बोटाला धरून पायऱ्या उतरते, इतकंच. त्या वर्षी ती मुलं काय शिकली, याचं उत्तर दुसऱ्या पुस्तकांत शोधावं लागतं.

मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ १९७६ मधली; तिला १९७७ चं न्यूबेरी पदक मिळालं. तिची गोष्टही १९३३ मध्येच सुरू होते, शेजारच्या मिसिसिपीत. स्काउटच्याच वयाचा लिटल मॅन शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तक उघडतो. आत पुस्तक कधी, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या वंशाच्या मुलाला दिलं याची यादी असते. गोऱ्या मुलांनी वापरून फाटल्यावर ते काळ्यांच्या शाळेत आलेलं असतं. तो ते पुस्तक पायाखाली तुडवतो आणि मार खातो. स्काउटलाही पहिल्या दिवशी बोलणी बसली, वाचता येतं म्हणून. लिटल मॅनची आई, जी त्याच शाळेत शिकवते, ती त्या याद्यांवर कागद चिकटवून टाकते. पुढे गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवल्यावर तिची नोकरी जाते. इथे संस्कार म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहणं नाही. कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, जमीन का विकायची नाही, ही जगण्याची तालीम. माया अँजेलो यांचं १९६९ चं आत्मचरित्र आर्कान्सामधल्या त्याच दशकातलं. त्यात आजी दुकानासमोर वेडावणाऱ्या गोऱ्या पोरींपुढे स्तोत्र गुणगुणत ताठ उभी राहते आणि नात आतून जळत पाहते. या मुलांना निरागस राहायची सवड कोणी दिली नव्हती.

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली तेही १९३३ मध्येच. एक थोर पालक, रोजचे प्रसंग आणि प्रत्येकातून एक धडा, हीच रीत. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि गावकुसाबाहेरच्या बालपणात धडे कोणते असतात हे कळलं. अमेरिकेशी हा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या माणसांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून.

मग वाचायची कशी?

‘मॉकिंगबर्ड’ न्यायाचं पाठ्यपुस्तक म्हणून कमी पडते, कारण तिच्यात न्याय मिळत नाही आणि तो का मिळाला नाही याची चौकशी अर्ध्यावर थांबते. चांगल्या घरातली मुलं वाईट व्यवस्थेत कशी वाढतात, याचा दस्तऐवज म्हणून मात्र तिच्या तोडीचं फारसं काही नाही. ॲटिकस मुलांना माणसांशी सभ्य वागायला शिकवतो आणि ते खरं शिक्षण आहे. ते नसतं तर जमावापुढे स्काउट बोललीच नसती. पण समोरच्या माणसाशी सभ्य वागणं आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात बसवणारी रचना बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम फिंचांच्या घरात कोणी कोणाला शिकवलं नाही. निकालाच्या रात्री जेम रडतो तो यामुळेच. घरात जे शिकवलं ते सगळं खरं होतं आणि तरीही टॉम वाचला नाही.

म्हणून शिकवणाऱ्याने ही कादंबरी एकटी शिकवू नये. टेलर यांचं पुस्तक सोबत द्यावं, त्याच वर्षातले शाळेचे दोन पहिले दिवस शेजारी ठेवावेत, आणि ॲटिकस चांगला माणूस होता का या प्रश्नावर तास संपवू नये. तो चांगला होता. चांगल्या माणसांच्या गावात टॉम दोषी कसा ठरला, हे मुलांना शोधू द्यावं.